अप्पांच्या उजव्या कानाचा सोर्स कोड

द्वारपालाने शेवटी आपल्या सख्ख्या वडिलांच्या उजव्या कानात, पूर्ण शुद्धीवर असताना आणि साक्षीदारांसमक्ष, बंदिस्त सॉफ्टवेअर घातलं.

हे घडलेलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. त्याच्या घरात सगळे तसंच धरून चालतात, प्रकल्पाच्या इतिवृत्तातही त्याची नोंद नाही, आणि ज्यांच्या कानात ते गेलं ते अप्पा म्हणतात, "त्या वेळी मला काही ऐकू आलं नाही." म्हणजे विषय मिटला.

तर द्वारपाल. हे त्याचं नाव नव्हे, हुद्दा. दिवसभर तो एका विमा कचेरीत दावे तपासायचा. तिथल्या कॉम्प्युटरमधलं सगळं सॉफ्टवेअर बंदिस्त होतं, म्हणजे आत काय चाललंय ते बघायची सोय नाही, बदलायची परवानगी नाही, आणि मित्राला दिलंत तर गुन्हा. पोटासाठी माणूस काय काय करतो, असं म्हणून तो तिथे मान खाली घालून बसायचा. संध्याकाळी घरी आला की मात्र तो एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा द्वारपाल व्हायचा. जगभरातली बरीचशी, एकमेकांना कधीही न भेटलेली आणि तरीही एकमेकांवर कायम चिडलेली माणसं मिळून एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम फुकटात बनवत होती. तिचं पोट कुणीही उघडावं, बघावं, दुरुस्त करावं, शेजाऱ्याला वाटावं. या सिस्टिममध्ये शिरू पाहणारा प्रत्येक प्रोग्रॅम आधी द्वारपालापुढे उभा राहायचा. ज्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल अशी मूळ कृती, लपवलेली असेल त्याला हा परत पाठवायचा. पगार नव्हता, पण दाराशी उभं राहून 'नाही' म्हणण्यात जे समाधान आहे ते विमा कचेरीतही मिळायचं नाही. तिथे 'नाही' म्हणायचा अधिकार साहेबांना होता.

आता या दाराशी एक अवघड पाहुणा यायचा. त्याचं नाव फर्मवेअर. वायफायचं कार्ड, पडदा चालवणारी चिप, असल्या प्रत्येक भागाला चालू होताना कानात कुणीतरी चार गोष्टी सांगाव्या लागतात: तू कोण आहेस, तुला काय करायचंय. ते सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. तो नसेल तर वायफायचं कार्ड म्हणजे नुसता पत्रा. आणि कंपन्या हा प्रोग्रॅम जवळजवळ कायम बंदिस्तच देतात.

त्यावरून प्रकल्पात उभी फूट होती. अर्धे म्हणत, ज्या डिस्कवरून लोक आपली सिस्टिम लावतात त्या डिस्कमध्येच फर्मवेअर घाला. नवीन माणूस मोठ्या हौसेने आपली सिस्टिम लावतो, नेट चालत नाही, पडदा काळा पडतो, आणि तो बिचारा रडत पुन्हा बंदिस्त सिस्टिमकडे जातो. उरलेले अर्धे म्हणत, मग इतकी वर्षं आपण काय करत होतो? शिवाय तिसरेही एक अर्धे होते. त्यांचं म्हणणं असं की चर्चा चांगली चालू आहे.

द्वारपालाने ठराव मांडला: बंदिस्त फर्मवेअर डिस्कमध्ये नको, डिस्कशेजारी नको, आणि ते कुठे मिळतं हेही कुणाला सांगायचं नाही. ठरावाखाली त्याने लिहिलं, 'माझं घर या तत्त्वावर चालतं.'

प्रकल्पातली सर्वांत जुनी सभासद म्हणजे दूरच्या कुठल्यातरी शहरातली एक बाई. तिला सगळे आजी म्हणत. ती फारशी बोलत नसे. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: 'अख्खं घर? खात्री आहे?'

इथे प्रकल्पातलं एक कलम सांगायला हवं. कलमाचं नाव 'पाळून दाखवा'. जो सभासद ठराव मांडेल त्याने मतदान संपेपर्यंत तो आपल्या ताब्यातल्या प्रत्येक यंत्रावर पाळून दाखवायचा, नाही तर ठराव रद्द. हे कलम पूर्वी एका बडबड्या सभासदाचं तोंड बंद करायला एका तडफदार तरुणाने सुचवलं होतं. बडबड्या तेव्हाच प्रकल्प सोडून गेला. तडफदार तरुण अजून होता. दाराशी उभा होता.

"म्हणजे तू स्वतःच खणलेल्या खड्ड्यात स्वतः पडलास," बायको म्हणाली. ती दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि दुखऱ्या जागेवर नेमकं बोट ठेवायची तिला सवय होती.

"खड्डा नाही, कलम आहे."

"बरं. कलमात पडलास."

त्याने घरातली यंत्रं मोजायला घेतली. लॅपटॉप त्याचा. त्यातलं फर्मवेअर त्याने त्याच दिवशी काढून टाकलं, आणि वायफाय गेलं. राउटरही त्याचाच. त्याच्या पोटातही बंदिस्त प्रोग्रॅम निघाला, म्हणून तोही बंद. मग तो बायकोच्या फोनकडे वळला.

"हात तर लावून बघ," ती म्हणाली.

कलमात 'आपल्या ताब्यातली यंत्रं' असे शब्द होते. या घरात आपल्या ताब्यात नेमकं काय काय आहे याचा त्याने प्रथमच गंभीरपणे विचार केला, आणि काम अपेक्षेपेक्षा फारच लवकर आटोपलं.

वॉशिंग मशीन राहिलं. त्यातही प्रोग्रॅम असतोच. पण प्रकल्पाचा जुना निवाडा असा होता की जो प्रोग्रॅम कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलाय, जो पुन्हा बदलताच येत नाही, तो यंत्राचाच भाग धरावा, स्क्रूसारखा. बाहेरून आणून भरावा लागतो तो मात्र बंदिस्त. वॉशिंग मशीन निर्दोष सुटलं.

"म्हणजे चोर घरातच जन्मला तर चालतो," बायको कपडे आत कोंबत म्हणाली. "बाहेरून आला तरच चोर."

"इतकं सोपं नाहीये ते."

"मग समजावून सांग."

त्याने समजावून सांगायला सुरुवात केली. कपडे धुऊन, वाळून, घड्या होऊन कपाटात गेले. तो अजून प्रस्तावनेत होता.

आता प्रश्न असा की मत द्यायला नेट लागतं. बंदिस्त फर्मवेअरच्या विरोधात मत देण्यासाठी बंदिस्त फर्मवेअर लागत होतं. द्वारपाल यावर बराच वेळ विचार करत बसला आणि मग समोरच्या काकूंकडे गेला. काकूंचा राउटर काकूंच्या ताब्यातला, म्हणजे त्याचं पाप काकूंचं. तिथून एक लांब वायर ओढून आपल्या लॅपटॉपला लावायची, एवढंच.

"वायर ने की, त्यात काय," काकू म्हणाल्या. "पण तुझं वायफाय बिघडलंय तरी काय?"

"बिघडलं नाही काकू. मीच बंद केलंय. तत्त्वासाठी."

काकूंनी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "बायकोशी भांडलास का?"

"नाही हो."

"अरे, होतं असं. आमचे हेसुद्धा एकदा रुसून पंखा बंद करून बसले होते. भर उन्हाळ्यात. घाम मीच पुसला. तू असं कर, आधी माफी माग. वायर मग ओढू."

माफी न मागताच वायर ओढली. ती काकूंच्या दाराखालून निघून, जिन्यासमोरची मोकळी जागा ओलांडून, द्वारपालाच्या दाराखालून आत येत होती. दोन्ही दारं आता नीट लागेनात. ज्याने जन्मभर दार राखलं त्याचं स्वतःचं दार वायरभर उघडं राहिलं. जिन्यातून जाणारा प्रत्येक जण त्या फटीतून डोकावून "काय, बिघडलं का?" असं विचारून जायचा, आणि द्वारपाल आतून "तत्त्व!" असं ओरडायचा.

लवकरच इमारतीच्या समितीचे अध्यक्ष आले. ते निवृत्त वजनमाप निरीक्षक होते, आणि निवृत्ती त्यांना मानवली नव्हती. त्यांनी खाली वाकून वायरकडे असं पाहिलं की वायरनेही अंग चोरावं.

"ही सामायिक जागा आहे. इथे खाजगी वायर टाकता येत नाही."

"मतदान होईपर्यंतच आहे, काका."

"कसलं मतदान? मला विचारल्याशिवाय?"

"आमच्या प्रकल्पाचं."

"तसा रीतसर अर्ज करा. समितीपुढे ठेवू."

"आत्ता लिहून देतो."

"कागदावर नको. अर्ज फक्त ईमेलने स्वीकारतो आपण." अध्यक्षांनी वायर स्वतःच्या हाताने गुंडाळली आणि काकूंच्या दाराच्या कडीला अडकवली. "मंजुरी मिळाली की लावा."

मंजुरीसाठी ईमेल, ईमेलसाठी वायर, वायरसाठी मंजुरी. द्वारपालाला या रचनेतलं सौंदर्य दिसलं, कारण प्रकल्पाची नियमावली साधारण अशीच होती. तो रोज कचेरीतून सुटल्यावर वाटेवरच्या सार्वजनिक वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर बसायला लागला. तो कॉम्प्युटर नखशिखांत बंदिस्त होता, पण वाचनालयाच्या ताब्यातला होता. तिथे बसून तो ठरावाच्या बाजूने तळमळीने लिहायचा. शेजारी बसणारे एक गृहस्थ त्याला एकदा म्हणाले, "इतक्या जोरात बटणं आपटू नका, हा कॉम्प्युटर सगळ्यांचा आहे." द्वारपालाच्या मनात आलं, हेच तर मी लिहितोय.

इथवर सगळं ठीक होतं. म्हणजे हाल होते, पण ज्याचे त्यालाच होते. मग अप्पांचा कान आला.

अप्पांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानावर पाटी होती: 'उघडून दाखवू, मग दुरुस्त करू.' गिऱ्हाइकाला काउंटरच्या आत बोलवायचं, सेटचं मागचं झाकण काढायचं आणि बोट दाखवून सांगायचं, हे बघा, हे जळलंय. द्वारपाल त्या काउंटरखाली बसून मोठा झाला होता. जी वस्तू उघडता येत नाही ती आपली नव्हे, हे त्याला कुणी शिकवलं नाही. ते त्याच्या डोक्यावर रोज स्क्रूसारखं पडत असे. त्या दुकानातला शेवटचा रेडिओ अजून घरात कपाटावर होता. त्याच्या पोटात, एका पत्र्याच्या बंद डबीवर, खडूने काढलेला एक गोल होता. लहानपणी द्वारपालाला वाटायचं, ती बनवणाऱ्या कंपनीची खूण असावी.

अप्पांच्या उजव्या कानात आता श्रवणयंत्र होतं. डावा कान रेडिओंनी आधीच खाल्ला होता. यंत्र चण्याएवढं, चकचकीत, कुठे स्क्रू नाही, फट नाही. अप्पांनी पहिल्याच दिवशी ते भिंगाखाली धरून फिरवून फिरवून पाहिलं होतं, आणि मग काही न बोलता कानात घातलं होतं.

रोज संध्याकाळी अप्पा खिडकीशी आरामखुर्चीत बसायचे आणि नात त्यांना गोष्ट वाचून दाखवायची. ती नुकतीच वाचायला शिकली होती. पुढचे दात पडलेले, जोडाक्षर आलं की गाडी अडायची. शाळेत ती मोठ्याने वाचत नसे, कारण पोरं हसत. आजोबा हसत नसत. तिचा आवाज पाळण्यात असल्यापासून खणखणीत, म्हणून अप्पा तिला स्टेशन म्हणत. "चला, स्टेशन लागलं," म्हणून ते कान पुढे करायचे आणि प्रसारण सुरू व्हायचं.

ठरावाच्या धामधुमीत हे श्रवणयंत्र बिघडलं. आधी शिट्टी मारायचं, मग शिट्टीही बंद झाली. कानाच्या दवाखान्यात फोन केला तर तिथली ताई म्हणाली, "त्याचं फर्मवेअर अपडेट करावं लागेल. पाच मिनिटांचं काम आहे. जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे, तेव्हा संमती द्यायला तुम्हालाच यावं लागेल."

द्वारपाल फोन हातात धरून उभा राहिला. फर्मवेअर. बाहेरून भरायचं. बंदिस्त. जबाबदार व्यक्ती, म्हणजे यंत्र त्याच्याच ताब्यातलं. ज्या घरात त्याच्या ताब्यात काही नव्हतं, तिथे नेमका बापाचा कान तेवढा निघावा!

"मतदान होऊन जाऊ दे," तो बायकोला म्हणाला. "पुढच्या आठवड्यात आहेच."

"अप्पांना विचारलंस?"

"विचारलं. ते हो म्हणाले."

"त्यांना ऐकू आलं?"

त्याने वाचनालयाची वाट धरली.

मतदान पुढच्या आठवड्यात झालं नाही. प्रकल्पाचा नियम असा की कुणी दुरुस्ती सुचवली की चर्चेची मुदत पुन्हा पहिल्यापासून. एकाने डिस्कच्या वेष्टनाच्या रंगावर दुरुस्ती आणली. दुसऱ्याने 'डिस्क' म्हणजे नक्की काय यावर. तिसऱ्या अर्ध्यांनी सुचवलं की दुरुस्त्या कशा सुचवाव्यात यावर आधी चर्चा व्हावी. द्वारपाल वाचनालयात बसून प्रत्येकाला उत्तरं देत होता. घरी अप्पा ठरल्या वेळी खुर्चीत बसत, कान पुढे करत, आणि स्टेशन वाचत असताना मान डोलवत. ऐकू येत नाही हे ते कबूल करणार नव्हते. ज्याने गावभरचे रेडिओ बोलते केले त्याने आपलाच सेट मुका झालाय हे कोणत्या तोंडाने सांगावं?

एके संध्याकाळी द्वारपाल घरी आला तेव्हा प्रसारण चालू होतं.

"मग राजाने," स्टेशन वाचत होतं, डोळे पुस्तकावर नव्हे, आजोबांवर, "प्रधानाला इस्त्री केली. घडी घातली. आणि कपाटात ठेवला."

"वा!" अप्पा म्हणाले. "शहाणा राजा."

तिने पुस्तक मिटलं. रडली नाही. बापाकडे बघून शांतपणे म्हणाली, "आजोबांचं स्टेशन लागत नाहीये," आणि पुस्तक घेऊन आत गेली.

थोड्या वेळाने तिचा आवाज आला. द्वारपालाने न्हाणीघरात डोकावून पाहिलं. ती उलट्या बादलीवर बसून वॉशिंग मशीनला गोष्ट वाचून दाखवत होती.

"याला का वाचतेस गं?"

"हे मध्ये मध्ये हूं तरी करतं."

निर्दोष सुटलेलं वॉशिंग मशीन मन लावून घुरघुरत होतं. बाहेर अप्पा अजून कान पुढे करून बसले होते. प्रसारण थांबलंय हे त्यांना कळलं नव्हतं, आणि ते अजून मधूनच मान डोलवत होते.

द्वारपालाने चपला पुन्हा पायात घातल्या.

कानाच्या दवाखान्यात तो, अप्पा आणि हट्टाने आलेलं स्टेशन असे तिघे गेले. बाहेर बाकावर बरीच माणसं नंबर लावून बसली होती. ताईने अप्पांच्या कानातलं यंत्र काढून एका छोट्या डबीत ठेवलं, डबी कॉम्प्युटरला जोडली आणि पडदा द्वारपालाकडे वळवला. पडद्यावर करारनामा होता. खाली बटण: 'मान्य आहे'.

"दाबा," ताई म्हणाली.

"वाचू दे ना."

"वाचता?" ताईने खुर्ची थोडी मागे सरकवली. असा माणूस तिने पूर्वी पाहिला नव्हता.

त्याने वाचलं. द्वारपाल होता तो. वापरकर्ता यंत्र उघडणार नाही. त्यातला प्रोग्रॅम तपासणार नाही, बदलणार नाही, इतरांना देणार नाही, इतरांकडून तपासून घेणार नाही. यंत्रातून ऐकू न आल्यास कंपनी जबाबदार नाही. ऐकू आल्यासही नाही.

"याचा सोर्स कोड मिळेल का?" त्याने विचारलं.

"तो काय असतो?"

"म्हणजे हा प्रोग्रॅम आत नेमकं काय करतो ते लिहिलेलं. मला बघायचंय. माझ्या वडिलांच्या डोक्यात जाणार आहे ते."

"डोक्यात नाही, कानात," ताई म्हणाली. "आणि ते आम्हालाही देत नाहीत. कंपनीकडे रीतसर विनंती करा तुम्ही."

"देतील?"

ताई फक्त हसली.

अप्पांना यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण मुलाचं तोंड त्यांना वाचता येत होतं. त्यांनी डबीतलं यंत्र उचललं आणि दुकानातल्या आवाजात, म्हणजे बहिऱ्या माणसाच्या खच्चून आवाजात विचारलं, "उघडत नाही का रे?"

द्वारपालाने नकारार्थी मान हलवली.

"आमच्याकडेही यायचे असले!" अप्पा म्हणाले. बाकावरची सगळी माणसं ऐकू लागली. ज्यांना ऐकू येत होतं ती. "पत्र्याची डबी, आत डांबर ओतून बंद केलेली! उघडली की मेली! मग काय करायचं? गिऱ्हाईक दारात उभं, त्याच्या घरी म्हातारी बातम्यांची वाट बघतेय!"

द्वारपालाने हातांनीच विचारलं, मग काय करायचात?

"लावायचो की! फक्त वर खडूने गोल काढायचो आणि गिऱ्हाइकाला दाखवायचो. म्हणायचो, बाबा रे, बाकी सगळं मी आतून पाहिलंय, एवढं एक पाहिलेलं नाही. घ्यायचं तर घे, नको तर ने परत!"

कपाटावरच्या रेडिओतला तो गोल द्वारपालाच्या डोळ्यांसमोर आला. इतकी वर्षं तो ज्याला कंपनीची खूण समजत होता, ती बापाने दिलेली कबुली होती. आपलं तत्त्व आपल्याआधी या माणसाने काउंटरवर जगून दाखवलं, असं काहीतरी भव्य त्याच्या मनात येऊ लागलं.

"तत्त्व-बित्त्व काही नाही हां!" यंत्र डबीत परत ठेवत अप्पा ओरडले. त्यांना मुलाचा चेहराही वाचता येत असे. "उद्या ते जळलं आणि भांडायला आला, तर माझ्यावर यायला नको म्हणून!"

द्वारपालाने पडद्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. स्टेशन पुस्तक पोटाशी धरून उभं होतं आणि आजोबांच्या रिकाम्या कानाकडे बघत होतं.

त्याने बटण दाबलं.

आपण ठरवल्याप्रमाणे हे घडलेलं नाही. घडलेलं नसल्यामुळे त्याला फार वेळही लागला नाही. यंत्र डबीतून काढल्यावर कानात घालण्याआधी स्टेशनने खिशातून खडूचा तुकडा काढला आणि त्या चण्याएवढ्या चकचकीत यंत्रावर, जीभ बाहेर काढून, एक ठिपका केला. गोल मावण्याइतकी जागा नव्हती.

"अगं अगं!" ताई म्हणाली.

"आत पाहिलेलं नाही," स्टेशन म्हणालं.

अप्पांनी यंत्र कानात घातलं. डोळे मिटले. जुन्या सेटची सुई फिरवताना करायचे तसा चेहरा केला. या जगातून त्यांच्या कानात शिरलेलं पहिलं वाक्य बाहेरच्या बाकावरचं होतं: "तो वाचत बसलेला शहाणा गेला का एकदाचा?"

"नाही, अजून इथेच आहे," अप्पा प्रसन्नपणे म्हणाले. "माझाच मुलगा आहे तो."

घरी आल्या आल्या खुर्ची पुन्हा खिडकीशी गेली. स्टेशन समोर बसलं, आणि पुस्तक न उघडताच, आजोबांवर नजर रोखून म्हणालं, "मग राजाने प्रधानाला कपाटातून बाहेर काढलं."

"थांब, थांब," अप्पा म्हणाले. "प्रधान कपाटात कधी गेला?"

स्टेशनने हसून पुस्तक उघडलं. आत स्वयंपाकघरात बायकोने भांडं जरा जोरात ठेवलं, डोळे पुसताना पकडलं जाऊ नये म्हणून ठेवतात तसं.

दुसऱ्या दिवशी द्वारपालाने वाचनालयातून प्रकल्पाला कळवलं की 'पाळून दाखवा' कलम आपल्या हातून मोडलं आहे, सबब ठराव रद्द समजावा. कुणाचा कान, कशासाठी, हे त्याने लिहिलं नाही. तो घरचा मामला होता. त्याने नवी सूचना तेवढी मांडली. बंदिस्त फर्मवेअर डिस्कमध्ये असू द्या, पण वेगळ्या कप्प्यात. लावण्याआधी माणसाला तोंडावर सांगा की बाकी सगळं आम्ही आतून पाहिलंय, एवढं पाहिलेलं नाही, आणि का पाहता आलं नाही. नको असेल तर नाही म्हणायचं बटण ठेवा, आणि ते बटण मोठं ठेवा. लपवून आत घेतलं तर आपण खोटं बोललो. आणि दाराबाहेर ठेवून तोंड फिरवलं तर बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाचं काय झालं ते आपल्याला कधी कळतच नाही. शेवटचं असं की ज्यांनी ते बंद केलंय त्यांना उघडा म्हणून विचारत राहा. नाही म्हणाले तरी.

आजीचं उत्तर एका ओळीचंच आलं: 'कान बरा आहे ना?'

तिला कसं कळलं हे त्याने आजवर विचारलेलं नाही. सूचनेवर चर्चा अजून चालू आहे. 'मोठं बटण' म्हणजे किती मोठं, यावर दुरुस्ती आली आहे.

समितीच्या अध्यक्षांनी वायरचा अर्ज नामंजूर केला. अर्ज कुणी केला नव्हता, पण नामंजुरी ईमेलने आली, वायफाय पुन्हा सुरू झाल्यावर. राउटरवर आता खडूचा गोल आहे. लॅपटॉपवरही आहे. वॉशिंग मशीनवरचा पहिल्याच धुण्यात गेला. काकूंना वाटतं, नवरा-बायकोचं मिटलं.

सूचनेतलं शेवटचं वाक्य द्वारपालाने मात्र लगेच पाळायला घेतलं. पाळून दाखवायची सवय जात नाही. त्याने खालील अर्ज पाठवला:

प्रति,
मा. व्यवस्थापक, श्रवणयंत्र विभाग

विषय: माझ्या वडिलांच्या उजव्या कानातील फर्मवेअरचा सोर्स कोड मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस विनंती करण्यात येते की, आपल्या कंपनीचा एक प्रोग्रॅम सध्या माझ्या वडिलांच्या उजव्या कानात कार्यरत असून त्याविषयी त्यांची कोणतीही तक्रार नाही. तो उत्तम चालतो. तो कसा चालतो हे पाहण्याची त्यांची इच्छा आहे. अर्जदाराचे वडील निवृत्त रेडिओ दुरुस्तीकार असून पाहून झाल्यावर झाकण व्यवस्थित लावून देण्याची त्यांची जुनी ख्याती आहे.

तरी सदर प्रोग्रॅमचा सोर्स कोड, तो वाचण्याची, दुरुस्त करण्याची व समोरच्या काकूंच्या कानासाठी त्याची प्रत देण्याची परवानगी यांसह, शक्य तितक्या लवकर मिळावा. विलंब होणार असल्यास अर्जदार थांबण्यास तयार आहे. त्याची नात सध्या लहान आहे, म्हणजे अर्जदाराच्या वडिलांची, आणि पुस्तके पुष्कळ शिल्लक आहेत.

तसेच सदर यंत्रावर खडूचा एक ठिपका आढळल्यास तो हमीच्या अटींचा भंग समजण्यात येऊ नये. तो पुसला गेल्यास पुन्हा काढण्यात येईल.

कळावे,
आपला विश्वासू,
जबाबदार व्यक्ती